रखमाजीचा हात

दवाखान्यात बायकांना दोनच नावं असतात. अंगावर पांढरा ॲप्रन असला की सिस्टर, विटकरी साडी असली की मावशी. वयाचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. शेफाली विशी ओलांडून जेमतेम पुढे गेली होती, तेव्हा नातवंडं-पतवंडं असलेली माणसं तिला मावशी म्हणून हाक मारायची. मावशी, पॉट द्या. मावशी, चादर ओली झालीया. ती हसून धावायची, कारण मार्गासनीहून रोज एसटीनं येऊन नोकरी करणारी तिच्या आळीतली ती पहिलीच पोर होती आणि तिला त्याचं कोण कौतुक होतं.

दवाखाना हमरस्त्याच्या कडेला, कामथडीच्या हद्दीत होता. वेल्ह्याच्या बाजूचा माणूस आजारी पडला की आधी इथंच यायचा, कारण इथले डॉक्टर कुठल्याही वेळी दार उघडायचे. आणि या दवाखान्याची एक रीत होती. शिकलेल्या नर्स पुण्याबाहेर पडायला तयार नसत. मग डॉक्टर हाताशी असलेल्या मावश्यांमधली जी जरा चलाख दिसेल तिला सुई धरायला शिकवायचे आणि तिच्या अंगावर ॲप्रन चढवायचे. बनाबाई अशीच चढलेली होती. तरुणपणी ती भोंगवलीहून फरशी पुसायला आली होती. आता सगळा दवाखाना तिला सिस्टर म्हणायचा, डॉक्टरसुद्धा. तिचं शिक्षण म्हणजे तो ॲप्रन. तो अंगावर आला आणि तिनं पुन्हा कधी फरशीकडे वाकून पाहिलं नाही, मावश्यांकडे तर त्याहून नाही.

त्या वर्षी भाताची लावणी आटोपत आली असताना मार्गासनीचा रखमाजी तापानं फणफणून दवाखान्यात दाखल झाला. शेफालीच्या शेजारच्याच आळीतला. दोर वळण्यात त्याचा हात धरणारं खोऱ्यात कुणी नव्हतं. त्याचा मुलगा कुंडलिक गावच्या राजकारणात होता आणि गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. बनाबाईनं रखमाजीच्या उजव्या हाताला सलाईन लावलं आणि ती डबा खायला आतल्या खोलीत गेली. शेफाली चादर बदलायला आली तेव्हा म्हाताऱ्याचा हात मनगटाजवळ फुगायला लागला होता. औषध शिरेत जायचं सोडून कातडीखाली उतरत होतं.

ती पळत आत गेली. "सिस्टर, आबांचा हात सुजतोय."

"सुजंल जरा. वय झालंय त्यांचं," बनाबाई घास न थांबवता म्हणाली.

थोड्या वेळानं ती पुन्हा गेली. यावेळी बनाबाईनं डब्याचं झाकण आपटलं. "पॉट उचलायचं धड जमंना आन् मला शिकवतीस व्हय? सुईच्या वाटंला जाऊ नगंस, सांगून ठेवते."

सलाईनची चाकी फिरवून बंद करणं शेफालीला येत होतं. रोज बघून बघून ते कुणालाही येतं. पण मावशीनं सुईच्या वाटेला जायचं नाही हा त्या दवाखान्यातला बनाबाईचा कायदा होता, आणि नोकरी टिकवायची होती. ती रखमाजीच्या उशाशी नुसती उभी राहिली. बनाबाई जेवून, हात धुऊन, बडीशेप चघळत आली तोवर हात कोपरापर्यंत टम्म झाला होता. पुढच्या काही दिवसांत कातडी काळी पडली, मग सुटली. रखमाजी वाचला, पण दोन बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच.

मग एका सकाळी शेफाली कामावर आली तर दवाखान्याच्या बोळात माणसं जमलेली. कुंडलिक मधोमध उभा होता. "बाच्या हाताला सुई कुणी लावली व्हती?" त्यानं विचारलं.

बनाबाईनं बोट उचललं. "ह्या मावशीनं. म्या जेवाया गेले व्हते. हिला कुणी सांगितलं व्हतं मधी मधी करायला?"

शेफालीनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर फरशीकडे पाहत होते. ती तोंड उघडणार एवढ्यात कुंडलिकनं तिच्या कानफटात मारली. भिंतीचा आधार मिळाला म्हणून ती पडली नाही. "गावची पोर म्हणून एवढ्यावर सोडतो," तो म्हणाला. उद्यापासून येऊ नकोस, हे डॉक्टर फरशीकडे बघतच म्हणाले.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. डबा, झाकण, बडीशेप, सगळं. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"झालं ते झालं. माणसाच्या हातनं चूक व्हती."

"माझ्या हातनं झालीच न्हाई, आये."

"बरं, न्हाई झाली. जेव."

ते 'बरं' शेफालीला कुंडलिकच्या हातापेक्षा जास्त लागलं. बाकीच्या गावानं काय समजायचं ते समजावं, पण जिच्या पोटी जन्म घेतला ती बाई समोर बसून 'बरं' म्हणते, पोर रडते म्हणून लहान मुलाला म्हणावं तसं. त्यानंतर आई दर दोन-चार दिवसांनी रखमाजीच्या घरी जायची, कधी कालवण घेऊन, कधी नुसतीच हातपाय दाबायला. शेफालीला वाटायचं, माझ्या नावचं पाप फेडतेय.

गावानं तिला वाळीत टाकलं नाही. तेवढं धाडस कुणात नव्हतं. पण महिन्याभरात शेजारी बारसं होतं. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बसून बाळ एकमेकींच्या हातात देत होत्या, पाळण्याच्या खालून, वरून. शेफालीची पाळी आली, तिनं हात पुढे केले, आणि बाळ तिच्या हातांना वळसा घालून पलीकडच्या बाईकडे गेलं.  गाणं थांबलंही नाही. आईनं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून खाली बघत बसली. त्या दिवशी शेफालीनं ठरवलं. हीच बनाबाई, आईच्या समोर उभी राहून, आपल्या तोंडानं बोलेल की सुई मीच लावली होती. आईनं ते आपल्या कानांनी ऐकायचं. मग आईचं तोंड कसं होतं ते बघायचं. दुसरं काही नको होतं तिला आयुष्याकडून.

आता कुणी म्हणेल, झालं गेलं विसरून जावं. म्हणणाऱ्याला तसं म्हणायला काय जातं? त्याच्या हातांना वळसा घालून कुणी बाळ पुढं नेलेलं नसतं.

शेफाली पुण्याला गेली. घरोघरी म्हातारी माणसं सांभाळायची कामं तिनं घेतली. त्यांचं न्हाणं-धुणं, त्यांचे डायपर, त्यांच्या सुनांची तोंडं. बारावीचा फॉर्म बाहेरून भरला, पास झाली, आणि मग नर्सिंगच्या जीएनएम कोर्सला प्रवेश घेतला. वर्गात ती सगळ्यांत थोराड. होस्टेलच्या पोरी तिला ताई म्हणायच्या, पाठीमागं आजी. नर्सिंगच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात सेवाभाव येतो. शेफालीकडे सेवाभाव नव्हता असं नाही, पण पहाटे तिला अंथरुणातून उठवायचं काम त्यानं कधी केलं नाही. ते काम बनाबाईच्या त्या उचललेल्या बोटानं केलं. शीर शोधायला शिकली ती रखमाजीचा हात डोळ्यांपुढे ठेवून. परीक्षेच्या आदल्या दिवशी थकून डोकं टेबलावर पडलं की गाल आपोआप झोंबायचा आणि ती उठून पुन्हा वाचायला बसायची. पास झाली, नोंदणी झाली, पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात आयसीयूत काम केलं. पगार बरा होता, लोक चांगले होते. ती रमली नाही.

मग तिच्या कानावर आलं की कामथडीच्या डॉक्टरांना दवाखाना सरकारी योजनेत घालायचाय, त्यासाठी नोंदणी असलेली इनचार्ज नर्स हवीय आणि कुणी यायला तयार नाही. शेफालीनं त्याच आठवड्यात जाऊन भेट घेतली.

डॉक्टर खुर्चीतून उठायला लागले. "या सिस्टर, बसा." मग त्यांनी नीट पाहिलं आणि अर्धवट उठलेले तसेच राहिले. "तू... तुम्ही इथं होतात ना?"

"होते. विटकरी साडीत."

"छान, छान. फार प्रगती केलीत."

"मी यायला तयार आहे. एक अट आहे. बनाबाईंकडे कसलंही शिक्षण नाही. त्यांनी ॲप्रन काढायचा. विटकरी साडी नेसायची."

"अहो, इतकी वर्षं झाली त्यांना. माणूस म्हणून तरी..."

"मग राहू द्या."

समोरचा चहा गार व्हायच्या आत डॉक्टर तयार झाले. शेफालीला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. फरशीकडे बघणारी माणसं नेहमी अशीच पटकन तयार होतात.

पहिल्या सकाळी बनाबाई नव्या कोऱ्या विटकरी साडीत आली तेव्हा शेफाली मुद्दाम काउंटरपाशी उभी होती. साडीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. केस पांढरे झाले होते, पाठ वाकली होती. या वयात बाईला असं उभं बघून एखाद्याला पाझर फुटला असता. शेफालीला फुटला नाही. तिनं सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "मावशी, खिडकीजवळच्या पेशंटला पॉट द्या." आणि बनाबाई गेली, पॉट दिला, बाहेर नेऊन धुऊन आणला. शेफालीला इतकं बरं वाटलं की तिनं लगेच दुसऱ्या पेशंटचं नाव घेतलं.

रोज काही ना काही चालायचं. पुसलेली फरशी पुन्हा पुसायला लावायची. चादरीचे कोपरे चुकले म्हणून सगळ्यांदेखत चादर ओढून काढायची. नव्या पोरी आल्या की त्यांना सांगायचं, मावश्यांना सुईला हात लावू द्यायचा नाही, काही मावश्यांना पूर्वी तशी खोड होती. पोरी तोंड लपवून हसायच्या. बनाबाई एका शब्दानं उलट बोलत नव्हती, आणि हेच शेफालीला सोसत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या, रडली असती, तर काहीतरी हाती लागलं असतं.

एका दुपारी दोघी धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. बनाबाई हळूच म्हणाली, "शेफाली..."

"सिस्टर म्हणायचं."

"सिस्टर. तुमाला काय पायजे ते मला ठावं हाय. पर ते मागू नगा. मिळालं तर तुमालाच जड जाईल."

शेफालीला ती धमकी वाटली. "मला काय जड जातं आणि काय नाही ते मी बघीन. तुम्ही घड्या घाला," ती म्हणाली.

दिवाळीनंतर रखमाजी आला. उलट्या-जुलाबांनी म्हातारा चिपाडासारखा झाला होता. शेफालीनं डाव्या हातात पहिल्या प्रयत्नात शीर धरली. उजवा हात पोटावर होता, दोन बोटं तळव्यात मिटलेली. रखमाजीनं डोळे किलकिले केले. "शेफाली न्हवं का तू?"

"व्हय, आबा."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. शेफालीला वाटलं, म्हाताऱ्याला अजून वाटतंय की हात माझ्यामुळं गेला. बिचारा तेव्हा तापात होता, त्याला काय आठवणार. थांब जरा, तिनं मनात म्हटलं, तुलाही ऐकवते.

खोऱ्यातलं माणूस दवाखान्यात पडलं की गाव भेटायला येतं. एकटं-दुकटं कुणी येत नाही. एखादी पिकअप ठरते, घरटी एक माणूस बसतं, बरोबर शहाळी, बिस्किटाचे पुडे, कुणाच्या तरी घरची चटणी. न गेलेल्या घराचं नाव पुढं कितीतरी दिवस निघतं. शेफालीला हे ठाऊक होतं. तिनं आईला फोन केला. "उद्या दुपारी सगळ्यांबरोबर तू पण ये."

"माझं गुडघं लई दुखत्यात गं."

"पिकअपमध्ये पुढं बस. पण ये."

 आई 'बरं' म्हणाली. तेच ते 'बरं'.

सकाळी शेफालीनं बनाबाईला औषधांच्या खोलीत बोलावलं. सरळच सांगितलं, "आज मार्गासनीची माणसं येतील. रखमाजीच्या हाताला सुई कुणी लावली होती ते त्यांच्यासमोर सांगायचं. नाही सांगितलं तर उद्यापासून घरी बसायचं. डॉक्टर माझा शब्द मोडत नाहीत हे तुम्ही पाहिलंय."

बनाबाईनं हातातलं फडकं पिळलं. तिच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नव्हतं, हे शेफालीला ठाऊक होतं आणि म्हणूनच तिनं तसं म्हटलं होतं. "बोलते," बनाबाई म्हणाली. "पर मागनं मला बोल लावू नगंस." यावेळी शेफालीनं 'सिस्टर म्हणायचं' असं सांगितलं नाही. एवढ्या जवळ आल्यावर असल्या बारीक गोष्टी कशाला?

दुपारी माणसं आली. खाटेभोवती कोंडाळं झालं. कुंडलिक पोट सुटलेला, केसांना काळा रंग लावलेला, बापाच्या पायथ्याशी उभा राहिला. शेफालीची आई सगळ्यांच्या मागे, दाराला टेकून. शेफालीनं तिला हाताला धरून पुढं आणलं. मग बनाबाईला हाक मारली. ती बादली घेऊनच आली.

"मावशी, या सगळ्यांना सांगा. आबांच्या हाताला सुई कुणी लावली होती?"

बनाबाईनं बादली खाली ठेवली. "म्या लावली व्हती," ती म्हणाली. आवाज बारीक नव्हता, रडका नव्हता. "हात सुजतोय म्हणून ह्या दोनदा सांगाया आल्या व्हत्या. म्या जेवत व्हते. उठले न्हाई. ह्यांनी सुईला हात बी लावला न्हवता."

शेफाली बनाबाईकडे बघतच नव्हती. ती आईकडे बघत होती. इतकी वर्षं तिनं हे तोंड बदलताना मनात पाहिलं होतं. कधी आई रडायची, कधी कपाळावर हात मारून घ्यायची, कधी नुसती जवळ ओढायची. रोज थोडं वेगळं, पण बदलायचं नक्की.

आईचं तोंड बदललं नाही. आईनं कुंडलिककडे पाहिलं. कुंडलिकनं खिडकीबाहेर पाहिलं. एक बाई शहाळ्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेऊ लागली. एवढी माणसं, पण एकाच्याही तोंडून साधं 'अगं बाई' निघालं नाही.

शेफालीला वाटलं, ऐकू गेलं नसेल. ती म्हणाली, "ऐकलंत ना? पुन्हा सांगू का त्यांना बोलायला?"

"नगं," रखमाजी खाटेवरून म्हणाला. "हात माझा हाय. सुई कुणी लावली ते मला ठावं नसंल व्हय?"

"तुम्ही तापात होतात, आबा."

"तापात व्हतो. आंधळा न्हवतो."

"मग बोलला का नाहीत?"

"पोराला बोललो व्हतो की. दुसऱ्याच दिशी."

आता सगळेच कुंडलिककडे बघायला लागले. त्यानं घसा साफ केला. सभेत बोलायची सवय होती, तशाच सुरात सुरू झाला. "त्याचं असं झालं, डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणले, सिस्टरचं नाव आलं तर केस हुईल, दवाखान्याला टाळं लागंल. मग अडल्या-नडल्या बायकांनी जायाचं कुठं? कुणावर तरी घालावंच लागत व्हतं. सिस्टरचं सगळंच गेलं असतं. मावशीचं काय जातंय? आज हितं, उद्या दुसरीकडं झाडलोट करंल. चारचौघांत एकदा मारून मिटवलं म्हंजी माणसं बी गप बसत्यात. ठरलं तसंच मग सगळ्या गावानं वागायचं, बायाबापड्यांनी बी." तो थांबला, आणि आपण अगदीच वाईट नव्हतो हे दाखवायला म्हणाला, "आन् आमी आमच्या मनानं न्हाई केलं. आदल्या सांजंला तुझ्या आईला इचारलं व्हतं."

शेफालीनं बनाबाईकडे पाहिलं. बनाबाई खाली बघत बादलीची कडी धरून उभी होती. ते बोट तिनं उचललं होतं, पण कुठं उचलायचं हे आधीच ठरलेलं होतं, आणि ठरवताना शेफालीच्या आईच्या ओट्यावर माणसं बसली होती. आईनं त्यांना चहासुद्धा केला असेल.

"आये?" शेफाली म्हणाली.

"कानफटात मारणार हे न्हवतं सांगितलं मला," आई म्हणाली. तिला पहिली तीच गोष्ट सांगावीशी वाटली. "सगळं गाव आलं व्हतं दारात. न्हाई कसं म्हणायचं? आन् मला वाटलं, लोकांचं गू-मूत काढायचं सुटंल तुझं. घरी येशील, लगीन करून देऊ. तू तवा काय सिस्टर न्हवतीस, शेफे. नुसती मावशीच व्हतीस. म्हणलं, तुझं काय जाणार हाय?"

शेफालीला त्या वेळी खरं म्हणजे ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. बनाबाईवरचा तिचा राग रतीभरही कमी झाला नव्हता. फक्त त्याचे धनी वाढले होते, आणि सगळ्यांत मोठा वाटा जिच्याकडे गेला ती गुडघे धरून समोर उभी होती. रखमाजीकडे कालवण पोचतं करणारी. बारशात पदर तोंडाला लावून खाली बघणारी. तिला सगळं ठाऊक होतं आणि तरी ती समोर बसून 'बरं, न्हाई झाली, जेव' म्हणाली होती. आईचा माझ्यावर विश्वास बसत नाही, एवढंच दुःख घेऊन शेफाली पुण्याला गेली होती. तेवढं असतं तर किती बरं झालं असतं.

रखमाजीच्या हातातली सुई बदलायची होती. तिनं ट्रे मागवला, बनाबाईनं आणून दिला. "हात सैल सोडा, आबा," ती म्हणाली. पट्टा बांधला, शीर पाहिली, सुई घातली.  म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, ते तिनं कापसानं टिपलं, कुठल्याही पेशंटचं टिपलं असतं तसं. गावची माणसं बघत होती. कुणीतरी हळूच म्हणालं, काय हात बसलाय पोरीचा.

तेवढ्यानं आईला धीर आला. ती खाटेला वळसा घालून जवळ आली आणि तिनं शेफालीच्या दंडाला, ॲप्रनच्या बाहीला हात लावला. "लई मोठी झालीस गं. बघ, सगळं चांगल्यासाठीच झालं न्हवं का?"

शेफालीनं बाही सोडवून घेतली. भेटायची वेळ संपायला अजून बराच अवकाश होता. "बाई, तुम्ही पेशंटच्या कोण?" तिनं विचारलं. आवाज रोजचाच होता, दारात गर्दी करणाऱ्या नातेवाइकांशी बोलायचा.

आईला कळलं नाही. "आं?"

"पेशंटच्या नात्यातल्या आहात का?"

"शेफे, अगं म्या..."

"नसाल तर बाहेर थांबा. इथं गर्दी करायची नाही."

आई हलली नाही. तोंड उघडं राहिलं होतं. इतकी वर्षं जे बघायचं होतं ते तोंड आता कुठं बदलत होतं, आणि ते बघायला शेफाली थांबली नाही. ती पुढच्या खाटेकडे वळली. "मावशी," तिनं मागं न बघता सांगितलं, "यांना दाराबाहेर सोडून या." बनाबाईनं हात साडीला पुसले, आईच्या कोपराखाली हात घातला आणि तिला सांभाळून बाहेर घेऊन गेली.